१६ पीआर म्हणजे १६ थर नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवजड वाहनाला अपघात झाला की बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ फार तर त्यापुढे ‘उन्हामुळे’ हा शब्द जोडला जातो आणि बातमी संपते. टायर कुठल्या जातीचा होता, कुठून फाटला, जोडचाकातला आतला की बाहेरचा, याचा पत्ता नसतो. टायरांविषयी माहितीपर मजकूर येतो त्यातही दोन गोष्टी पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. एक, बाजूवर ‘१६ पीआर’ (प्लाय रेटिंग) लिहिले आहे म्हणजे आत १६ थर आहेत. दुसरी, नायलॉन टायर जुनाट, रेडियल नवा, आणि नवा म्हणून चांगला. पहिली गोष्ट साफ चूक आहे, दुसरी अर्धवट. टायर बनतो कसा हे पाहिल्याशिवाय यातल्या एकीचाही उलगडा होत नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

ज्याला आपण ‘नायलॉन टायर’ म्हणतो त्याचे कारखान्यातले नाव बायस-प्लाय किंवा क्रॉस-प्लाय. नायलॉन हे नाव फसवे आहे, कारण मोटारींच्या कित्येक रेडियल टायरांतही नायलॉनचा एखादा थर असतोच. खरा फरक दोऱ्यांच्या तिरपेपणाचा : रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे जातात, बायसमध्ये तिरपे. शिंप्यांकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, उरेब. सरळ धाग्यावर कापलेला कापडाचा तुकडा ओढून पाहा, तो ताणत नाही. उरेब कापलेला ताणतो आणि ताणताना अंगाने बारीक होतो. बायस टायर म्हणजे रबरात घातलेल्या अशा उरेब कापडाचे थर, एक उजवीकडे झुकलेला, त्यावरचा डावीकडे. थर जोडीने लागतात, म्हणून त्यांची संख्या सहसा सम असते : चार, सहा, आठ, दहा. जोड बिघडली, तर हवा भरल्यावर टायर एका अंगाला पिळवटतो.

कापड म्हटले तरी ते नेहमीच्या अर्थाने विणलेले नसते. उभे दोरे दाट, जाड आणि पिळदार. आडवा धागा मात्र अगदी बारीक आणि लांब लांब अंतरावर. त्याचे काम उभ्या दोऱ्यांना कारखान्यात रबर चढेपर्यंत शेजारी शेजारी धरून ठेवण्यापुरतेच. टायरांच्या आरंभीच्या काळात खरोखरचे कॅनव्हास वापरत, आणि त्यात उभे-आडवे धागे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकमेकांना करवतीसारखे घासून तुटत. दोरे एकमेकांपासून सुटे करून मध्ये रबर आणले, तेव्हा टायरचे आयुष्य वाढले. पुढे कापसाची जागा रेयॉनने घेतली आणि रेयॉनची नायलॉनने. आजच्या दोऱ्यावर १८९०/२ अशी खूण दिसते. तिचा अर्थ, ९००० मीटर लांबीला १८९० ग्रॅम भरणारे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत.

नायलॉन रबराला आपणहून चिकटत नाही. म्हणून कापड आधी रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि लेटेक्सच्या द्रावणात बुडवतात आणि ताण देऊन २०० अंश सेल्सियसच्या वरच्या भट्टीतून काढतात. इथे दोन कामे एकदम होतात. चिकटणारा लेप पक्का बसतो, आणि दोरा ताणलेल्या अवस्थेत स्थिरावतो, म्हणजे पुढे रस्त्यावर फारसा वाढत नाही. हे तपकिरी झालेले कापड दमट हवेत उघडे ठेवायचे नाही. नायलॉन ओल पितो, ती ओल क्युरिंगच्या, म्हणजे साच्यात तापवून रबर पक्के करण्याच्या, उष्णतेत वाफ होते, आणि थरांमध्ये फोड येतो. गुंडाळ्या प्लास्टिकमध्ये बंद ठेवण्यामागे हे कारण आहे. स्वच्छतेचा भाग त्यात थोडाच.

नंतर कॅलेंडर. चार जड रोलरांमधून जाताना कापडाच्या दोन्ही बाजूंना एकदमच रबराचा थर बसतो. तयार प्लायची, म्हणजे रबर चढलेल्या थराची, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. ट्रकच्या टायरमध्ये सगळ्या प्लाय सारख्या नसतात. आतल्या, ट्यूबकडच्या प्लायमध्ये दोरे दाट. ब्रेकरकडे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या ट्रेडखालच्या पट्ट्यांकडे, जावे तसे दोरे विरळ आणि रबर जास्त, कारण वरच्या थरांमध्ये एकमेकांवर सरकण्याचा ताण अधिक असतो आणि तो झेलायला मध्ये रबरच लागते. अवजड टायरांच्या केसिंगमध्ये, म्हणजे थरांच्या सांगाड्यात, हे रबर मुख्यतः नैसर्गिक असते. ते कमी तापते आणि कच्चे असताना थराला थर पटकन धरते. हा कच्चा चिकटपणा टायर बांधणाऱ्याचे निम्मे काम करतो. गंधक पृष्ठभागावर फुलून आले, की चिकटपणा जातो. मग सॉल्व्हंट फिरवावे लागते, आणि ते उडून जायच्या आत पुढचा थर टाकला की पुन्हा फोड.

कॅलेंडर केलेले कापड बायस कटरवर ठरलेल्या कोनात कापतात आणि तुकडे कडेला कड जोडून लांब पट्टी करतात. जोडात तीन ते पाच दोरे एकावर एक येतील इतकाच पदर हवा. कमी घेतला, तर जोड उघडतो आणि बाजूवर तिरपा फुगवटा दिसतो. जास्त घेतला, तर तिथे पट्टी ताठ होते, बाकी टायर फुगतो, ती जागा दबलेली राहते. नव्या टायरच्या बाजूवर बोट फिरवताना हलकीशी खाच लागली, तर ती बहुधा हीच, आणि तिने घाबरायचे कारण नाही. फुगवटा लागला, तर तो टायर चढवू नये. एका टायरमधले असे सगळे जोड घेरावर पांगवायचे असतात. दोन एकाखाली एक आले, की टायरचा तोल गेला.

आता बीड. रिमवर बसणाऱ्या कडेतल्या पोलादी तारांचा हा वेढा. सुमारे एक मिलिमीटर जाडीची, जास्त कार्बनच्या पोलादाची तार, वर कांस्याचा मुलामा, कारण नुसत्या पोलादाला रबर धरत नाही. अशा काही तारा शेजारी शेजारी घेऊन त्यांवर रबर चढवतात आणि ती पट्टी अनेक वेढे गुंडाळतात. जीपला प्रत्येक बाजूला एक बीड पुरतो. ट्रकच्या मोठ्या टायरला दोन, खाणीतल्या अजस्र टायरांना तीनही. वेढ्याच्या माथ्यावर रबराची त्रिकोणी पट्टी येते, तिला एपेक्स म्हणतात. दोन्हींना कापडाच्या पट्टीत गुंडाळले, की बीड ड्रमवर जायला तयार.

टायर बांधतात तो ड्रम मिटणारा असतो, नाहीतर बांधलेला टायर त्यावरून निघायचाच नाही. ट्रकच्या टायरसाठी दोन-दोन प्लायचे बिनटोकाचे पट्टे आधी वेगळ्या यंत्रावर करून घेतात आणि ते बाहीसारखे ड्रमवर चढवतात. आठ प्लायच्या टायरचा एक नमुना सांगतो. पहिल्या चार प्लाय ड्रमवर बसल्या, की दोन्ही बाजूंना पहिला बीड लावायचा आणि प्लायच्या कडा त्याभोवती आतून बाहेर वळवायच्या. पुढच्या दोन प्लाय, दुसरा बीड, पुन्हा तसेच वळवणे. शेवटच्या दोन प्लायच्या कडा मात्र उलट, बाहेरून आत, बीडच्या तळाखालून घ्यायच्या. मग रिमशी घासणाऱ्या भागावर चेफर नावाची संरक्षक पट्टी. वळवलेल्या कडा सगळ्या एकाच उंचीवर संपवायच्या नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी संपवायच्या. एकाच रेषेत संपल्या, तर बाजूवर तिथे बिजागरी तयार होते. टायर दर फेऱ्याला तिथेच दुमडतो आणि काही महिन्यांत बीडच्या वर गोल चीर उमटते.

प्लायवर साधारण दोन ब्रेकर. हेही नायलॉनचेच, पण विरळ दोऱ्यांचे आणि जास्त रबराचे. खडकाचा दणका पसरवणे आणि ट्रेड व केसिंग यांच्यात सांधा साधणे इतके त्यांचे काम. रेडियलच्या पोलादी पट्ट्यांप्रमाणे ते टायरचा घेर आवळून धरत नाहीत. हा फरक पुष्कळदा विसरला जातो. वर ट्रेड, जोडाची दोन्ही टोके तिरपी कापून एकमेकांवर टेकवलेली, आणि दोन्ही बाजूंना साइडवॉल. प्रत्येक थरानंतर स्टिचरच्या चाकाने मधून कडेकडे दाबत नेऊन हवा काढायची. तरी राहिलीच तर अरीने बारीक टोचायचे. अडकलेल्या हवेचा रुपयाएवढा बुडबुडासुद्धा क्युरिंगमध्ये निघून जात नाही. दोन थरांतली ती न चिकटलेली जागा पुढे फाटत मोठी होते.

ड्रमवरून उतरलेला हा कच्चा टायर टायरसारखा दिसत नाही. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या बुटक्या पिंपासारखा दिसतो. प्रेसमध्ये आतून ब्लॅडर, म्हणजे रबरी पिशवी, फुगतो आणि पिंपाचे पोट बाहेर येते. इथे बायस टायरची सगळी करामत आहे. जुन्या लिफ्टचा जाळीचा सरकता दरवाजा डोळ्यांसमोर आणा. तो ओढला की चौकटी आडव्या पसरतात आणि उंचीने बसतात. पट्टीची लांबी तीच राहते, कोन बदलतो. टायरमध्येही दोरा लांबत नाही, कोन बदलतो, आणि कोनाची कोसाइन त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. ड्रमवर दोरा घेराच्या रेषेशी ६० अंशांत होता, कोसाइन ०.५. ट्रेडपाशी त्रिज्या १.६ पट झाली, कोसाइन ०.८, म्हणजे कोन सुमारे ३७ अंश. बीडपाशी त्रिज्या जवळपास तेवढीच राहिली, म्हणून तिथे दोरा ६० अंशांच्या आसपासच. एकच दोरा एका बीडपासून निघून ट्रेडखाली आडवा होत जातो आणि पलीकडे पुन्हा उभा होतो. ट्रकच्या बायस टायरचा ट्रेडखालचा कोन बहुधा ३० ते ४० अंशांत ठेवतात. कोन कमी, तर टायर आडवा हलत नाही, पण खडखडतो. कोन जास्त, तर चाल मऊ आणि वळणावर लडबड. म्हणून कटरवर एका प्लायचा कोन एक-दोन अंशांनी चुकला, तर तो दोष नंतर कुठल्याही यंत्रावर निस्तरता येत नाही.

क्युरिंगला १०.००-२० सारख्या टायरला तासभर धरा, साच्याचे तापमान साधारण १५० अंश, आत वाफ व गरम पाण्याचा दाब. रबर उष्णतेचे वाईट वाहक. टायर सर्वांत जाड शोल्डरला, म्हणजे ट्रेड आणि बाजू जिथे मिळतात तिथे, असतो, म्हणून उष्णता तिथल्या गाभ्यात सर्वांत उशिरा पोहोचते. तिथले रबर पुरेसे पिकण्याआधी दाब सोडला, तर ते आतून पावासारखे सच्छिद्र होते. वरून काही दिसत नाही.

प्रेसमधून निघालेला नायलॉन टायर लगेच मांडणीवर ठेवून चालत नाही. गरम नायलॉन आकसतो. तो मोकळा आकसू दिला, तर टायर लहान आणि वेडावाकडा होतो, आणि पुढे रस्त्यावर हवेच्या दाबाने वाढत जातो. वाढत्या टायरच्या खाचांच्या तळाशी ताण बसून चिरा पडतात. म्हणून दोन्ही बीड कड्यांत पकडून, हवा भरून, टायर थंड होईपर्यंत फुगवलेलाच ठेवतात, निदान एका क्युरिंगइतका वेळ. पोस्ट-क्युअर इन्फ्लेशन हे त्याचे नाव. उत्पादन वाढवायच्या घाईत पहिली कात्री इथे लागते. दोऱ्याचा हाच स्वभाव चालकालाही भेटतो. रात्रभर भरून उभ्या असलेल्या ट्रकचे टायर सकाळी पहिले काही किलोमीटर धडधडतात, कारण जमिनीला टेकलेल्या भागातला नायलॉन तसाच थंड होऊन बसलेला असतो. गरम झाला, की धडधड जाते.

आता पीआर. प्लाय रेटिंग हा शब्द कापसाच्या दोऱ्यांच्या काळातला आहे. तेव्हा १० प्लाय म्हणजे खरोखर कापसाचे दहा थर. नायलॉन त्याहून कितीतरी मजबूत, म्हणून तेवढ्या ताकदीला थर कमी लागले, पण आकडा व्यवहारात रुळला होता, तो राहिला. आज १६ पीआरच्या टायरमध्ये मोजले तर प्रत्यक्ष प्लाय आठच्या आसपास निघतात, आणि ते कमी आहेत म्हणून कुणी फसवले असे होत नाही. पीआर सांगतो की केसिंग किती दाबाची हवा धरू शकते. वजन उचलते ती हवा, थर नव्हे. ‘१६ पीआर आहे, दोन टन जास्त टाका’ हे म्हणूनच चुकते. बाजूवर १४६/१४३ असा भारांक असेल, तर एकेरी चाकाला ३००० किलो आणि जोडचाकातल्या प्रत्येक टायरला २७२५ किलो, तेही नेमून दिलेली हवा असताना. हवा कमी, की तो आकडा लागू नाही. आकारात आडवी रेघ असेल, म्हणजे १०.००-२०, तर टायर बायस. रेघेच्या जागी आर असेल तर रेडियल. बातमीदाराला एवढे वाचता आले, तरी पुष्कळ.

उष्णतेचे गणितही बांधणीतूनच निघते. १०.००-२० चा टायर किलोमीटरला सुमारे ३०० फेरे घेतो. ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला ३००. प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकणारा भाग दबतो, उलटसुलट झुकलेले दोरे कात्रीसारखे उघडतात-मिटतात आणि मधले रबर घासल्यासारखे पिळले जाते. आठ प्लाय म्हणजे अशा सात फटी. त्यात निर्माण झालेली उष्णता जाड शोल्डरमधून बाहेर पडत नाही. रेडियलमध्ये बीडपासून बीडपर्यंत पोलादी दोऱ्यांची एकच आडवी प्लाय असते. बाजूला कात्री नाही, ट्रेडखाली पट्टे असल्याने ट्रेड वळवळत नाही, म्हणून तो कमी तापतो, कमी झिजतो. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ साली रेडियलचे पेटंट घेतले आणि लांब पल्ल्याच्या वेगवान वाहतुकीपुरता वाद तिथेच मिटला.

पण सगळी अवजड वाहने महामार्गावर धावत नाहीत. रेडियलची बाजू पातळ असते. धारदार दगडाने ती एकुलती प्लाय कापली, की टायर गेला. बायसच्या बाजूला सगळ्या प्लाय असतात आणि एक-दोन कापल्या तरी बाकीच्या धरतात. खाण, जंगलातली ओढणी, बंदरातली मंद वाहने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जिथे वेग कमी आणि टोचणारे-कापणारे जास्त, तिथे बायस अजूनही बरोबर उत्तर आहे. बाजू ताठ असल्याने उंच भार डुलतही कमी. मर्यादा एकच पाळायची, उष्णतेची. खाणीत त्यासाठी टनभार गुणिले वेग हे माप आहे. टायरवर भरलेल्या फेरीत ६ टन, रिकाम्या फेरीत ३ टन, सरासरी ४.५. पाळीतला सरासरी वेग ताशी २० किलोमीटर. गुणाकार ९०. टायरला दिलेला आकडा याहून कमी असेल, तर वेग कमी करा किंवा भार. तिसरा मार्ग नाही.

ऊन या सगळ्यात किती? थोडे. उन्हाने हवेचा दाब वाढतो, पण धडधाकट टायर त्याने फुटत नाही. फोडते ती बहुधा कमी हवा. हवा कमी, की बाजू जास्त दबते, कात्री जास्त चालते, उष्णता वाढते, थरांचा चिकटपणा मऊ पडतो, शोल्डरला थर सुटतात. गरम टायरला दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडणे हा तर टायरचा गळा दाबण्याचा प्रकार. हवा सकाळी, टायर थंड असताना, गेजने मोजायची. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून आवाज ऐकण्याने टायर बसला आहे की नाही एवढेच कळते, २० पौंड कमी आहे हे कळत नाही. जोडचाकात आतल्या टायरचा वाल्व हाताला येत नाही, म्हणून तोच उपाशी राहतो, आणि त्याचा वाटा शेजारचा उचलतो. अशा जोडीत बाहेरचा फुटला, तर दोषी अनेकदा आतला असतो. एकाच ॲक्सलवर बायस आणि रेडियल मिसळणे याच जातीचे. दोन्ही सारखे दबत नाहीत, म्हणून भार सारखा वाटला जात नाही.

ट्यूबच्या टायरमध्ये फ्लॅपही, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टीही, बघावा. मोठ्या रिमचा फ्लॅप लहान रिमवर घातला, तर घडी पडते, घडी ट्यूब कापते, आणि हवा हळूहळू न जाता एकदम जाते. नव्या टायरमध्ये जुनी, वाढलेली ट्यूब घालणेही तसेच.

फुटलेल्या टायरचा तुकडा हाती आला, तर तो बोलतो. फाटलेल्या दोऱ्यांची टोके बघावीत. टोके कापसासारखी पिंजलेली, फाट आतून एक्सच्या आकाराची किंवा तिरपी, आसपासचे रबर निरोगी : दगड किंवा खड्ड्याचा दणका, बहुधा हवा जास्त असताना. टोके कडक, वितळून मण्यासारखी झालेली, आतल्या अंगाला रबराचा काळा भुगा, बाजू सगळीकडून सुरकुतलेली : टायर कमी हवेवर बरेच अंतर चालला होता. नायलॉन-६ वितळायला सुमारे २२० अंश लागतात. इतके तापमान ऊन देत नाही. थर एकमेकांपासून गुळगुळीत सुटून आले, दोऱ्यांवर रबर चिकटलेलेच नाही : तेव्हा मात्र बोट कारखान्याकडे, डिपिंगकडे (कापड द्रावणात बुडवण्याकडे) किंवा ओल्या कापडाकडे. आणि सुटलेल्या जागी बोटाएवढा चकचकीत भाग एकटाच दिसला, तर तिथे बांधतानाच हवा राहिली होती. पंचनाम्यात ‘टायर फुटला’ याऐवजी यातले एक वाक्य लिहायला दोन मिनिटे पुरतात, फक्त तुकडे रस्त्याकडेला ढकलून देण्याआधी.

आपला,
टायरनिर्मितीतील एक वाचक